दोन हातांची खिडकी

मेस्त्रीबाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा मी त्यांना जवळजवळ हाकलूनच दिलं होतं. चहासुद्धा विचारला नव्हता. आता आमच्या इमारतीत मीच त्यांचा नंबर वाटत फिरते, तर लोक हसतात. हसू देत.

झालं असं, की गेल्या फेब्रुवारीत आम्ही मुलुंड पूर्वेला नव्या इमारतीत राहायला आलो. नवी म्हणजे जागा तीच. जुनी तीन मजली पाडून तिथेच चौदा मजली उभी केली. जुन्या इमारतीत आम्ही एकतीस वर्षं तळमजल्यावर. खिडकीतून कोणी पडलंच असतं तर खालच्या जास्वंदीत पडलं असतं, तेवढीच काय ती उंची. नव्या इमारतीत पाचवा मजला वाट्याला आला आणि हॉलला चांगली नऊ फुटी, सरकत्या काचांची खिडकी. तिचा कट्टा माझ्या गुडघ्याच्या जरासा वर. आमचे हे, म्हणजे नंदकिशोर, एकदम खूश. "वसू, बघ, काय वारा येतोय!" मीही खूश.

मग चेंबूरहून आमची लेक गार्गी आली. तिच्या कडेवरून साडेतीन वर्षांचा प्रांजल उतरला आणि तिनं चपला काढायच्या आत हा पठ्ठ्या सोफ्यावरून थेट खिडकीच्या कट्ट्यावर! दोन्ही तळवे काचेला लावले आणि काच सरकवायला लागला. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. गार्गीनं झडप घालून त्याला खाली ओढलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"आई," ती म्हणाली, "या खिडकीचं काहीतरी होईपर्यंत मी ह्याला इथे ठेवणार नाही."

आता हे ऐकून माझं काय झालं असेल बघा. जूनच्या पहिल्या सोमवारपासून गार्गीची नवी नोकरी सुरू होणार होती आणि प्रांजल दिवसभर माझ्याकडे राहणार, हे वर्षभर आधी ठरलेलं. मी पोस्टातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली. सात वर्षं मी फक्त डाळ भिजवते आणि यांच्याशी भांडते. पहिल्यांदा कोणालातरी माझी गरज लागणार होती. त्याच्यासाठी मी छोटी ताटली आणली होती, हत्तीचं चित्र असलेली. आणि गार्गी म्हणते, पाळणाघरात नाव घालून ठेवते, ते लोक पंचवीस मेपर्यंत जागा धरून ठेवणार आहेत. तोवर काय ते कर.

म्हणून मला पिंजरा हवा होता. चिमणीसुद्धा आत येणार नाही असा. शेजारणीनं नाव सुचवलं, भांडुपच्या द्रौपदी मेस्त्री. "बाई आहे, पण ग्रिलचं काम एक नंबर करते."

आली ती बाई. बावन्न-त्रेपन्नची, ठेंगणी, पंजाबी ड्रेसवर पुरुषी शर्ट, पायात जाड बूट. शर्टाच्या बाह्यांना ठिणग्यांनी पडलेली बारीक बारीक भोकं. पिशवी उघडली आणि टेपच्या आधी बाहेर काय काढलं, तर प्लास्टिकचा लाल चेंडू!

"हा कशाला?" मी विचारलं.

"ताई, हा ज्या फटीतून जातो ना, त्या फटीतून पोराचं डोकं जातं. माझ्या ग्रिलमधून हा जात नाही." त्यांनी चेंडू माझ्या हातात दिला, जणू मी त्यावर सही करणार होते. "सळया उभ्याच घालणार. आडव्या घातल्या की पोरांना आयती शिडी. आणि हा सोफा इथून हलवा. उद्या नाही, आत्ता."

सोफा हलवला. इथपर्यंत आमचं छान चाललं होतं. मग बाईंनी खिडकीच्या डाव्या अर्ध्या भागावर खडूनं चौकोन काढला. "इथे झडप येईल. आतून उघडणारी."

माझं डोकंच फिरलं. "मी पोर पडू नये म्हणून ग्रिल करतेय, आणि तुम्ही त्याला दरवाजा करून देताय?"

"दरवाजा पोराला नाही, तुम्हाला. आग लागली आणि जिन्यात धूर भरला तर बाहेर कशा पडणार?"

"पाचव्या मजल्यावरून उडी मारू?"

"उडी कशाला मारताय? डोकं बाहेर काढायचं, श्वास घ्यायचा, बोंब मारायची. बंबवाल्यांची शिडी आली की शिडीवर जायचं. तुम्ही पिंजऱ्यात असाल तर शिडीवरचा माणूस काय करील, नमस्कार करील?"

"मला झडप नको."

"मग माका काम नको," म्हणाल्या, आणि चेंडू पिशवीत टाकला की!

मी पोस्टाच्या काउंटरवर तीस वर्षं बसले आहे. भल्याभल्यांना मी रांगेत उभं केलं आहे. पण गिऱ्हाइकानं पाठ फिरवण्याआधी दुकानदारानं पाठ फिरवलेली मी पहिल्यांदा बघत होते. मी "या मग" म्हणणार, एवढ्यात नंदकिशोर आतून चहाचे कप घेऊन आले. या माणसाला भांडणाचा वास आला की हा चहा टाकतो. चाळीस वर्षांचा संसार असाच टिकला आहे.

चहावर बाई जरा मोकळ्या झाल्या. वडील कणकवलीकडचे, लालबागच्या गिरणीत कामाला. गिरणी बंद पडली तेव्हा चाळिशी उलटलेली. भांडुपला एका वेल्डरच्या हाताखाली लागले आणि पुढे स्वतःचा गाळा घेतला. दोन्ही मुलांना लोखंडात रस नव्हता. द्रौपदी मात्र शाळा सुटली की गाळ्यावर. चौदाव्या वर्षी वेल्डिंगचा पहिला टाका मारला तो वडिलांनी हातोडीनं ठोकून बघितला. तुटला नाही. त्या दिवशी घरी जाताना वडिलांनी लेकीला मिसळ खाऊ घातली.

"आणि लग्न?" यांना नको तिथे चौकशा.

"बघायला आले तेव्हा सासूबाईंनी हात बघितले. म्हणाल्या, हे डाग कसले? मी म्हटलं, वेल्डिंगचे. बाबांचा चेहरा एवढासा झाला. आणि हा नवरामुलगा म्हणतो, आमच्या दाराची कडी तुटलीय, करून द्याल का?" बाई खळखळून हसल्या. "झाली ना करून. आता तो बस चालवतो आणि मी कड्या करते."

खोटं कशाला बोलू, बाई मला आवडायला लागली होती. तरी मी हट्टानं म्हटलं, "बरं, करा झडप. पण पोरानं उघडली तर तुम्ही जबाबदार."

"त्यानं उघडता कामा नये आणि तुम्हाला उघडता आली पाहिजे. दोन्ही झालं की मग मी गाऱ्हाणं घालणार. त्याच्याआधी काम पुरं झालं असं मी म्हणत नाही." हे गाऱ्हाणं म्हणजे कोकणातली रीत. नारळ ठेवून देवाला मोठ्यानं साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मेस्त्रीबाई प्रत्येक ग्रिलपुढे घालतात, पण घरातल्या माणसानं तीस मोजेपर्यंत झडप उघडून दाखवल्यानंतरच. आणि ही परीक्षा घ्यायला त्या कधी येणार, हे सांगत नाहीत.

आठ दिवसांत ग्रिल बसलं. चेंडू एकाही फटीतून गेला नाही, मी स्वतः सगळीकडे घालून बघितला. झडपेला साडेचार फुटांवर एक साधी कडी. "पोर स्टुलावर चढून हिच्यापर्यंत पोचेल," बाई म्हणाल्या, "म्हणून ही तात्पुरती. पक्की मी घडवून आणते. तोवर झडप बाहेरून तारेनं बांधतेय. मोठ्या माणसानं सळयांतून हात घातला की ही तार सुटते. कुलूप मात्र लावू नका."

कुलूप लावू नका म्हटलं की नंदकिशोर काय करणार? दुसऱ्याच दिवशी बाजारातून पितळी कुलूप घेऊन आले, हे एवढं थोरलं. "तारेचा काय भरवसा?" मलाही ते पटलं, हेही सांगून टाकते. कुलूप लागलं. चावी देवघरात ठेवली. मग वाटलं, प्रांजल प्रसादाला हात घालतो, चावी घेईल. म्हणून ती कपाटाच्या लॉकरमध्ये गेली. कपाटाची चावी यांच्या पँटच्या खिशात. आम्ही दोघंही निर्धास्त झोपलो.

मंगळवारी दुपारी तीनला बेल वाजली. दारात मेस्त्रीबाई. आत येऊन शांतपणे खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आग लागली. जिन्यात धूर आहे. झडप उघडा. एक, दोन, तीन…"

"अहो, चावी!" मी ओरडले.

"लॉकरमध्ये!"

"कपाटाची चावी?"

"पँटच्या खिशात!"

"कुठल्या पँटच्या?"

"राखाडी!"

राखाडी पँट मी सकाळी इस्त्रीवाल्याकडे दिली होती.

"सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस," बाई मोजतच होत्या. यांनी घाईघाईनं पायात चप्पल सरकवली. "मी खाली जाऊन आणतो!"

"काका, जिन्यात धूर आहे," मेस्त्रीबाई म्हणाल्या. "तुम्ही खाली जाऊ शकत असाल तर झडप कशाला हवी?"

हे एका पायात चप्पल घालून दारात तसेच उभे राहिले. मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही तिघंही जे हसत सुटलो! माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आमच्या घराची सुटका इस्त्रीवाल्याच्या टपरीत घडी होऊन पडली होती.

हसू ओसरलं तेव्हा बाईंनी डोळे पुसले आणि सांगितलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी घाटकोपरला चौथ्या मजल्यावर त्यांनी एक ग्रिल केलं होतं. त्या लोकांना माझ्यासारखाच पिंजरा हवा होता, बिनझडपेचा. बाईंनी करून दिला. "माझ्या हातचं सगळ्यात देखणं काम होतं ताई ते." दोन वर्षांनी त्या घरात फ्रिजच्या वायरीनं पेट घेतला. बाई नेमक्या शेजारच्या इमारतीत माप घ्यायला आलेल्या. खिडकीत एक आजी आणि तिची नात, मागे काळा धूर. शिडी वेळेवर आली. शिडीवरचा माणूस ग्रिल कापायला लागला.

"कापता कापेना. माझंच वेल्डिंग. अकरा मिनिटं लागली. खाली लोक म्हणत होते, कोणाचं काम आहे, काय मजबूत केलंय! माका वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. आपलं काम चांगलं झालं म्हणून रडणारी मीच एकटी असेन."

"त्या दोघी?" मी विचारलं.

"वाचल्या. आजी महिनाभर खोकत होती, पण वाचली. नात आता कॉलेजात जाते. दर गणपतीला माझ्याकडे येते, मोदक हाणते." बाई पुन्हा हसल्या. "पण तेव्हापासून बिनझडपेचं एक ग्रिल करीत नाही मी."

आमचं पितळी कुलूप त्या दिवशी त्यांच्या पिशवीत गेलं. ते अजून परत मिळालेलं नाही आणि आम्ही मागितलेलंही नाही.

मग सुरू झाली मेस्त्रीबाई आणि प्रांजल यांची जुगलबंदी. दर रविवारी गार्गी त्याला घेऊन यायची आणि बाई नवी कडी घेऊन यायच्या. परीक्षेच्या वेळी झडप बाहेरून बांधलेली, शिवाय गार्गीचे दोन्ही हात प्रांजलच्या कमरेला. पहिल्या कडीची खिट्टी उचलायची आणि मग फिरवायची. "त्याला स्टूल द्या," बाई म्हणाल्या. "घरात स्टूल असतं. तो आणणारच." प्रांजल स्टुलावर चढला, जीभ बाहेर काढली, उचल, फिरव, खटक. "झालं!" म्हणून टाळ्या. बाईंनीही टाळ्या वाजवल्या. "पोरगं माझ्या धंद्यात येतंय बघा."

पुढच्या रविवारी जाड स्प्रिंगची कडी आली. प्रांजल तिला अक्षरशः लोंबकळला. हलली नाही. लाल झाला, चिडला, "घाणेरडी कडी!" म्हणून तिला चापट मारली. आम्ही खूश.

"आता ताई, तुम्ही."

मी अंगठा लावला. हलली नाही. दोन्ही हात लावले, रुमाल गुंडाळून बघितलं. माझ्या बोटांना संधिवात आहे. सकाळी बरणीचं झाकणसुद्धा मला यांच्याकडून काढून घ्यावं लागतं. मी तिथे उभी राहून ओढत होते आणि गार्गी माझ्या बोटांकडे बघत होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले तरी असते.

संध्याकाळी तिचा फोन आला. "आई, तू वाईट वाटून घेऊ नकोस हं. पण पाळणाघरवाल्या पंचवीसच्या पुढे थांबणार नाहीत. तू आणि तो दिवसभर घरात दोघंच असणार. बाबा बाहेर जातात. काही झालं आणि तुला खिडकी उघडता नाही आली तर?"

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. खिडकीसाठी नाही. मला वाटलं, झालं, आपण आता सांभाळण्यातले राहिलो नाही, सांभाळून घेण्यातले झालो. हत्तीची ताटली मी मांडणीवर मागे सरकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी मेस्त्रीबाईंना फोन करून म्हटलं, "सोडून द्या. माझ्यासारख्या बाईच्या हातात पोर देणंच चूक आहे."

"गप रवा," पलीकडून आवाज आला. "ताई, मी विचार करतेय. कडी सोपी केली तर तो उघडतो, कठीण केली तर तुम्ही अडकता. जोर त्याच्यातही नाही, तुमच्यातही नाही. चलाखी त्याच्यात जास्त आहे. उंचीला स्टूल आहे. मग तुमच्यात असं काय आहे जे त्याच्यात नाही?"

"वय," मी चिडून म्हटलं आणि फोन ठेवला.

बावीस तारखेला बाई पुन्हा माप घेत होत्या. गार्गी मुद्दाम चेंबूरहून आली होती, पण तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिचं ठरलेलं आहे. मी खुर्चीत गाल फुगवून बसले होते. प्रांजलला काय, त्याला घरातलं हवामान कळतं. तो माझ्या गुडघ्यांना येऊन चिकटला आणि आमचा नेहमीचा खेळ काढला.

"आजी, मी तुला किती आवडतो?"

मला हसू आलंच. मी उठून उभी राहिले आणि दोन्ही हात जेवढे पसरता येतील तेवढे पसरले. "एवढाऽऽ!"

"मला पण तू आवडतेस. एवढीऽऽ!" त्यानं पण हात पसरले. टाचा उंच केल्या, पोट पुढे काढलं, बोटांची टोकं ताणली. तरी ते हात आपले एवढेसेच.

"थांबा!" मेस्त्रीबाई किंचाळल्या. आम्ही सगळे दचकलो. "हलू नका कोणी! परत करा तसंच!"

त्यांनी टेप माझ्या एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत लावली. मग प्रांजलला. "ताई पाच फूट. आणि हे साहेब, तीन फूट दोन इंच." टेप सर्रकन मिटली. "अगो बाये माझ्या! सापडला ना फरक!"

आणि कोणाला काही न सांगता बाई बूट घालून पळाल्या. चहा तसाच राहिला.

चोवीस तारखेला संध्याकाळी त्या नवी कडी घेऊन आल्या. एक नाही, दोन. झडप मधे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना चौकटीवर एकेक लोखंडी कडं, आख्खा हात मनगटापर्यंत आत जाईल एवढं मोठं. दोन कड्यांमध्ये अंतर चार फूट. दोन्ही एकाच वेळी ढकलायची, डावं डावीकडे आणि उजवं उजवीकडे. स्प्रिंग हलकी, बोटांचं काम नाही, मनगटानं ढकललं तरी चालतं. पण एक सोडलं की ते लगेच आपल्या जागी परत. दोन्ही एकदम सरकली तरच झडप आपणहून बाहेर उघडते.

आधी प्रांजल. स्टुलावर चढला, डावं कडं सरकवलं. सोपं! विजयी मुद्रेनं उतरला, स्टूल ओढत उजवीकडे नेलं, चढला, उजवं सरकवलं. तोवर डावं परत जागेवर. पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे. नंदकिशोर हसून हसून खाली बसले. मग त्यानं मधे स्टूल ठेवून एक हात आणि एक पाय वापरून बघितला, तेव्हा गार्गीलाही हसू आवरेना. शेवटी कमरेवर हात ठेवून त्यानं जाहीर केलं, "ही खिडकी खराब आहे."

"आणि एका हातात पोर असेल तर?" गार्गीनं विचारलं. माझी लेक आहे, सोडते कसली.

"खाली ठेवायचं, आपल्या दोन पायांच्या मधे. उघडायचं. मग उचलायचं," बाई म्हणाल्या. "आणि दुसरं पोर आलं खेळायला, तर दोघांना मिळून उघडता येईल, एवढं लक्षात ठेवा. ग्रिल आहे म्हणून पोरावरची नजर काढायची नाही. चला ताई. डोळे बांधून."

"डोळे कशाला?"

"धुरात काय दिसणार आहे?"

यांचा पंचा ओला करून माझ्या डोळ्यांवर बांधला. मला आतल्या खोलीत नेऊन उभं केलं. पोस्टाच्या परीक्षेलासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

"मोजणार कोण?"

"मी! मी!" प्रांजल नाचायला लागला.

"दहापर्यंत तीनदा मोज," बाईंनी सांगितलं. "आग लागली!"

"एक! दोन! तीन! पाच! आठ! दहा!"

"अरे लबाडा!" मी ओरडले आणि निघाले. भिंतीला हात लावत दार, मग हॉल. टेबलाचा कोपरा मांडीला लागला. "एक, दोन, सहा, दहा!" खिडकी. काच बाजूला सारली. ग्रिलच्या सळया चाचपल्या. डावं कडं सापडलं, हात आत घातला. उजवं कुठे गेलं? "एक! दोन!" मला एकदम आठवलं, शोधायचं नाही, पसरायचं. मी प्रांजलला दाखवते तसा उजवा हात सरळ पसरला आणि तो थेट कड्यात गेला. दोन्ही मनगटं बाहेर ढकलली.

खटक. झडप उघडली आणि तोंडावर वारा आला.

"…नऊ," प्रांजल म्हणाला. त्यानं इतके आकडे गाळून मोजूनसुद्धा त्याचे तीन दहा व्हायचे होते.

मी पंचा ओढून काढला. नंदकिशोर टाळ्या वाजवत होते. गार्गी माझ्याजवळ आली आणि माझी वाकडी बोटं तिनं आपल्या दोन्ही हातांत धरली. मग नाक ओढत म्हणाली, "जूनच्या पहिल्या सोमवारी साडेआठला आणून सोडते. त्याला भेंडी आवडत नाही, लक्षात ठेव."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं, आणि मग आम्ही दोघीही रडलो.

मेस्त्रीबाईंनी झडप लावून घेतली, खिडकीपुढे नारळ ठेवला, हात जोडले, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! ह्या खिडकीतसून ह्या घरातला पोर कधी पडा नये, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

"आणि ह्या घरातला कोण ह्या खिडकीत कधी अडकान रवा नये, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" प्रांजलचा आवाज सगळ्यांच्या वर.

निघताना बाई बूट घालत होत्या. मी विचारलं, "पण मेस्त्रीबाई, हा मोठा होईल. सात-आठ वर्षांचा झाला की ह्याचे हात पोचतील तिथपर्यंत. मग?"

त्यांनी प्रांजलकडे बघितलं. तो नारळाला चेंडूसारखा लाथ मारायच्या बेतात होता.

"पोचू देत," त्या म्हणाल्या. "ज्या दिवशी पोचतील त्या दिवशी त्याला उघडायला शिकवा. तोवर तुमचे हात थकलेले असतील ताई. मग तुम्हाला बाहेर काढायला कोणीतरी लागेलच ना."

मी त्यांना थांबवून आधी चहा टाकला. मग नारळ फोडला, मांडणीवर मागे सरकवलेली हत्तीची ताटली काढून धुतली आणि त्यातच त्यांना खोबऱ्याचा पहिला तुकडा दिला.